परिपाठातली बातमी पुढे कुठे जाते?

महाराष्ट्रातल्या बहुतेक मराठी शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. पेपरातून किंवा टीव्हीवरून उतरवून आणलेल्या चार-पाच ओळी एखादी मुलगी माइकवर वाचते, रांगेत बसलेली मुले ऐकतात, मौन पाळले जाते आणि रांगा वर्गाकडे वळतात. चालू घडामोडी शाळेत आणाव्यात की नाहीत, यावर आपल्याकडे अजून तावातावाने बोलले जाते. पण त्या तर रोज सकाळी शाळेत आलेल्याच असतात. वाचून झाल्यावर त्यांचे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. ही बातमी कोणी दिली, कशाच्या आधारावर दिली, तिच्यात कोणाची बाजू आली नाही, उद्या ती बदलू शकते का, या प्रश्नांसाठी वेळापत्रकात तासिका नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ही तासिका उभी राहू शकते का, त्यासाठी हाताशी काय आहे आणि काय आड येते, याचा हा आढावा.

याच पट्ट्याचा विचार करायचा, कारण इथल्या मुलांच्या घरात आणि बातमीत फारसे अंतर नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. कल्याण, डोंबिवली, दिवा, कळवा इथल्या हजारो मुलांचे आईवडील रोज त्याच गाड्यांनी जातात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये झालेल्या स्फोटांनी आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. त्याच वसाहतीच्या परिसरात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर हजारो लोक रुळांवर उतरले. जून २०२५ मध्ये शाळेत हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्यावरून वाद पेटला, ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या मांसविक्री बंदीच्या आदेशावरून गदारोळ झाला. या साऱ्यावर मुलांच्या मोबाइलमध्ये, रिक्षात, सोसायटीच्या कट्ट्यावर चर्चा झाल्या. तिथे बोलणाऱ्याला पुरावा मागणारे कोणी नसते.

पुरावा न मागण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले आणि मारले गेले. हा पालघर जिल्हा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबणे ही सवय अंगात भिनलेली नसेल तर काय होते, हे सांगायला आपल्याला दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत.

सार्वजनिक प्रश्नांची आवड या भागाला नवी नाही. ठाण्यातून १८६६ पासून ‘अरुणोदय’ हे मराठी साप्ताहिक निघत होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. नौपाड्यातली रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला दर जानेवारीत भरते. २०१० चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात झाले आणि त्याचे अध्यक्ष उत्तम कांबळे हे पत्रकार होते. २०१७ चे संमेलन डोंबिवलीने भरवले. ऐकणारा, वाचणारा, वर्गणी देणारा मध्यमवर्ग इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण ही परंपरा मुख्यतः श्रोत्यांची. व्यासपीठावरून वक्ता बोलतो, शेवटी आभारप्रदर्शन होते आणि प्रश्नोत्तरांना वेळ उरलाच तर चिठ्ठ्या पाठवल्या जातात. मुलांच्या वाट्याला त्यातून जे आले, तेही याच साच्याचे आहे.

शाळेतली वक्तृत्व स्पर्धा पाहा. विषय महिनाभर आधी मिळतो, भाषण घरातले किंवा शिक्षक लिहून देतात, मूल ते पाठ करते, हातवारे बसवते आणि टाळ्या घेते. वादविवाद स्पर्धेत तर बाजू चिठ्ठीने ठरते. वक्तृत्वाने धीटपणा येतो, शब्दसंपत्ती वाढते, मराठी बोलण्याची लाज जाते. यांतले काहीही कमी मोलाचे नाही. महाविद्यालयीन मुलांसाठी ‘लोकसत्ता’ने चालवलेल्या ‘वक्ता दशसहस्रेषु’सारख्या स्पर्धांच्या ठाणे फेरीत पुष्कळदा उत्तम तयारीची भाषणे होतात. तरीही मला यात एक मोठी उणीव दिसते. समोरच्याचा मुद्दा ऐकून ‘हे मला पटले, मी माझे म्हणणे बदलतो’ असे म्हणणाऱ्या मुलाला कोणत्याही स्पर्धेत गुण मिळत नाहीत. चिकित्सक विचाराची कसोटी मात्र नेमकी तिथेच लागते.

दुसरी वाट स्पर्धा परीक्षांची. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करून घेते, आणि महापालिकेने असे काम इतकी वर्षे चालवावे ही अभिमानाची बाब आहे. पण परीक्षांच्या एकंदर वातावरणामुळे मराठी तरुणांच्या तोंडी ‘चालू घडामोडी’ म्हणजे नेमणुका, पुरस्कार, योजनांची नावे आणि तारखा यांची यादी असे समीकरण बसले आहे. मासिक घ्यायचे, खुणा करायच्या, पाठ करायचे. हीच रीत खाली शाळेपर्यंत झिरपली आहे. परिपाठानंतर होणारी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा हे तिचेच धाकटे रूप. अमुक योजना कोणी सुरू केली एवढे विचारले जाते. तिचा उपयोग कोणाला झाला आणि ते कसे कळले, हे विचारले जात नाही.

याहून वेगळी वाट दाखवणारा शिक्षक आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. ना छापखाना, ना निधी. मुलांच्या खोलीतल्या गोष्टींपासून देशातल्या घडामोडींपर्यंतचा मजकूर एक शिक्षक रोज स्वतःच्या हाताने लिहितो, आणि १९३० मध्ये तोच शिक्षक नोकरी सोडून सत्याग्रहात उतरतो. सगळ्या शिक्षकांनी तसे करावे, असे कोणी म्हणणार नाही. पण बातमी मुलांच्या पातळीवर आणून त्यांच्याशी बोलण्याला सरकारी परिपत्रक लागत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

कायद्याची आणि अभ्यासक्रमाची साथ तर आहेच. संविधानाच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते की, शिक्षण मुलाला भीतीपासून मुक्त करणारे आणि आपली मते मोकळेपणाने मांडायला मदत करणारे असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख ठिकठिकाणी येतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने असे धडे आहेत. इतिहासाच्या त्याच पुस्तकात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीच्या पेपरात बातमीलेखन विचारले जाते. पण इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा मिळून ४० गुणांची. त्यात राज्यशास्त्राला उरतो तो लहान वाटा, आणि तोही पाठ केलेल्या मुद्द्यांवर सुटतो. चळवळींचा धडा शिकून बाहेर पडलेल्या मुलाने आपल्या स्थानकावर झालेल्या आंदोलनाबद्दल एक वाक्यही वर्गात उच्चारलेले नसते. पुस्तक चांगले आहे. ते वापरण्याची रीत तोकडी पडते.

बाहेरच्या जगाने या प्रश्नाशी कसे दोन हात केले, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या जाणकारांची बैठक झाली आणि तीन तत्त्वांवर एकमत झाले. शिक्षकाने मुलांवर आपले मत लादून त्यांना निरुत्तर करायचे नाही. समाजात आणि विद्वानांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचे. आणि मुलाला स्वतःच्या स्थितीचा, हिताचा विचार करता येईल इतके समर्थ करायचे. हा कायदा नाही, पण पन्नास वर्षे तिथले शिक्षक त्याचा आधार घेतात. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याने शाळेत एकतर्फी राजकीय प्रचाराला मनाई केली आणि वादग्रस्त विषय समतोलाने मांडण्याची जबाबदारी टाकली. पुढे बर्नार्ड क्रिक यांच्या समितीच्या १९९८ च्या अहवालानंतर २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला. अमेरिकेत डायना हेस आणि पॉला मॅकव्हॉय यांनी राजकीय चर्चा होणाऱ्या वर्गांचा दीर्घ अभ्यास करून २०१५ मध्ये पुस्तक लिहिले. शिक्षकाने स्वतःचे मत सांगावे की लपवावे, याचे एकच उत्तर त्या देत नाहीत. वर्गात कोणती मुले बसली आहेत आणि गावाचे वातावरण कसे आहे, यावर त्या हा निर्णय सोडतात. मला हे शहाणपणाचे वाटते. मात्र आपल्याकडे, जिथे शिक्षकाचा शब्द अजूनही शेवटचा मानला जातो, तिथे त्याने आपले मत निदान चर्चा संपेपर्यंत तरी राखून ठेवावे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग यांच्या गटाचे काम याच्या पुढचे. २०१६ मध्ये त्यांना आढळले की, ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरातही माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना बातमीच वाटली. नंतर साडेतीन हजारांच्या आसपास मुलांना मतपेट्यांतल्या गैरप्रकाराची एक धूसर चित्रफीत दाखवली. ती रशियातली होती, पण अमेरिकेतल्या गैरप्रकाराचा भक्कम पुरावा म्हणून निम्म्याहून जास्त मुलांनी ती स्वीकारली. या गटाने तथ्यतपासनीस कसे काम करतात हेही पाहिले. ते एखाद्या अनोळखी पानावर खोल वाचत बसत नाहीत. चटकन बाहेर पडतात, हे पान चालवणारे कोण आणि त्यांच्याबद्दल इतर काय म्हणतात ते आधी शोधतात, मग परत येतात. हे कौशल्य आठवीतल्या मुलाला शिकवता येते, आणि त्याला लागणारी सामग्री, म्हणजे मोबाइल, आज वस्तीतल्या घरातही आहे.

भारतातला अनुभव आपल्याला जास्त शिकवतो. केरळात कन्नूर जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये ‘सत्यमेव जयते’ नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. बिहारमध्ये तर याचा शास्त्रशुद्ध पडताळा झाला. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात गया जिल्ह्यात लोकांना तासाभराचे प्रशिक्षण देऊन पाहिले. सरासरीने काहीच फरक पडला नाही. काहींच्या बाबतीत तर आपल्या पक्षाच्या सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता उलट घटली. त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर पुढे बिहारमधल्या ५८३ गावांत आठवी ते बारावीच्या साडेतेरा हजार मुलांसोबत दुसरा प्रयोग केला. यात गावातल्या ग्रंथालयांत काही महिन्यांच्या काळात पुन्हा पुन्हा वर्ग झाले, गृहपाठ दिला गेला, मुले एकमेकांबरोबर शिकली. या वेळी खरे-खोटे पारखण्याची क्षमता वाढली, ती काही महिन्यांनंतरही टिकली आणि मुलांकडून पालकांपर्यंतही पोहोचली. आपल्या शाळांत सायबर सुरक्षेवर एखाद्या पाहुण्याचे वर्षातून एक व्याख्यान ठेवून फोटो काढण्याची पद्धत आहे. त्या पद्धतीबद्दल या दोन प्रयोगांनी निकाल दिला आहे, असे मी म्हणेन. सातत्य नसेल तर हे काम न केल्यासारखेच.

मग ठाणे-कल्याणात असे सातत्याचे काम कुठे आहे? शाळेच्या चौकटीला लागून, पण थोडे बाहेर. ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने ‘शालेय जिज्ञासा’ हे नियतकालिक मुलांकडूनच लिहून आणि संपादित करून घेतले. कोणता लेख घ्यायचा, कोणता परत पाठवायचा, का पाठवायचा, हे ठरवायला बसलेली मुले नकळत संपादकीय न्याय शिकतात. हीच संस्था राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या महाराष्ट्रातल्या कामात अग्रभागी राहिली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात दहा ते सतरा वर्षांची मुले गटाने आपल्या परिसरातला प्रश्न निवडतात, सर्वेक्षण करतात, आकडे मांडतात आणि परीक्षकांपुढे उभे राहून ‘हे तुला कशावरून कळले?’ या प्रश्नाला उत्तर देतात. विज्ञानाच्या नावाने चाललेले हे नागरिकशास्त्रच आहे.

दुसरे उदाहरण मला विशेष जवळचे वाटते. समता विचार प्रसारक संस्था अनेक वर्षे ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या, पालिका शाळांत शिकून दहावी झालेल्या मुलांना ‘एकलव्य’ म्हणून गौरवते. त्या कामातून नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. वस्तीतली मुले आपल्या भोवतालचा विषय निवडतात, त्यावर आपसांत बोलतात, नाटिका बसवतात आणि ‘नाट्यजल्लोष’मध्ये सादर करतात. पाणी, व्यसन, मुलींचे लवकर लग्न, शाळा सुटणे हे विषय त्यांना पेपरातून आणावे लागत नाहीत. नाटक बसवताना घडते ते असे : दारुड्या बापाची भूमिका करणाऱ्या मुलाला त्या माणसाच्या बाजूने विचार करावाच लागतो. विरोधी बाजू समजून घेण्याचा याहून परिणामकारक सराव कोणत्या पुस्तकात सापडेल, मला माहीत नाही. मतकरी २०२० मध्ये करोनाने गेले. काम त्यांच्या मागेही चालू राहिले. चिकित्सक विचार म्हणजे इंग्रजी शाळेतल्या सुखवस्तू मुलांची हौस, असा समज ज्यांचा असेल त्यांनी हे काम पाहावे.

शाळेच्या आत ‘मूल्यवर्धन’चा उल्लेख करावा लागेल. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीडच्या ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू केलेला हा कार्यक्रम नंतर राज्यभर पसरला. जोडीने, गटाने बोलणे, आपली पाळी येईपर्यंत ऐकणे, असहमती शांतपणे सांगणे यांचा सराव त्यात आहे. पाया म्हणून तो मोलाचा. पण ताज्या, तापलेल्या बातमीला हात घालण्याचे धैर्य त्यावर वेगळे उभारावे लागते.

तसा वर्ग प्रत्यक्षात कसा दिसेल? मांसविक्री बंदीचेच घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कत्तलखाने आणि परवानाधारक मांसविक्रेत्यांची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. वाहिन्यांवर ‘काय खायचे ते पालिका ठरवणार का’ पासून ‘एक दिवस नाही खाल्ले तर काय बिघडले’ पर्यंत सर्व काही झाले. नववीच्या वर्गात शिक्षकाने मुलांना आधी मते विचारू नयेत, आदेश वाचायला द्यावा. बंदी विकण्यावर आहे की खाण्यावर? आदेश या वर्षी पहिल्यांदाच निघाला का? प्रशासनाने १९८८ च्या ठरावाचा आधार सांगितला. मग इतकी वर्षे वाद का झाला नाही आणि आताच का झाला? जुना ठराव आहे म्हणून तो योग्य ठरतो का? इतर कोणत्या महापालिकांनी असे आदेश काढले? सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवल्याने चिकन विकणाऱ्याचे किती नुकसान होते, हे एका गटाने नाक्यावर जाऊन विचारून यावे. स्वातंत्र्यदिनाचा मान म्हणून बंदीला पाठिंबा देणाऱ्या माणसाचे म्हणणे दुसऱ्या गटाने त्याला पटेल अशा शब्दांत मांडावे. त्या वर्गात आगरी-कोळी घरातली मुले असतील, जैन घरातली असतील, मुसलमान असतील. इतके झाल्यावर मत विचारले तर ते आधीच्या मतापेक्षा निराळे नसेलही, पण त्याला पाया मिळालेला असेल.

तिसऱ्या भाषेचा वादही असाच हातात घेता येतो, कारण त्याचे कागद सहज मिळतात. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा. मधल्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा घ्यायची तर वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत, अशी अट होती. ही अट आपल्या शाळेत कितपत पूर्ण झाली असती, हे मुले हजेरीपट पाहून मोजू शकतात. ज्या वर्गात मराठी, भोजपुरी, सिंधी, तमिळ, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी बसतात, तिथे हा विषय नाजूक आहे हे मान्य. म्हणूनच तो रस्त्यावरच्या घोषणांच्या हवाली करण्याऐवजी शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावा.

मुंब्र्याच्या अपघातातून वेगळे काही शिकवता येते. पहिल्या दिवशी गर्दी, दारात लोंबकळणे, पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासणे ही कारणे सांगितली गेली. रेल्वेने बिगर-वातानुकूलित गाड्यांनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा केली. पुढे तपास रुळांच्या स्थितीकडे वळला. नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि त्याविरुद्ध रेल्वे कर्मचारी आंदोलनाला उतरले. जूनमधले आणि नोव्हेंबरमधले पेपर शेजारी ठेवले की पहिल्या दिवसाची बातमी अपुरी असते, हे मुलांना सांगावे लागत नाही. पोटमाळ्यावरच्या रद्दीचा इतका चांगला उपयोग दुसरा नसेल.

डोंबिवलीचे दोन्ही स्फोट मे महिन्यात झाले, हे मला टोचत राहते. सुट्टी होती, शाळा बंद होत्या, आणि जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा विषय शिळा झाला होता. ज्या मुलांनी तो हादरा अंगावर घेतला, त्यांच्याशी शाळेत कोणी सविस्तर बोलले असेल तर ते शिक्षकाच्या व्यक्तिगत आस्थेमुळे. खरे तर हा या शहरातल्या मुलांसाठी सर्वांत समृद्ध विषय आहे. आधी कारखाने आले की आधी घरे? दोहोंमध्ये मोकळी जागा का उरली नाही? कारखाने हलवा म्हणणारे रहिवासी, रोजगार जाईल म्हणणारे कामगार, ‘कामा’ ही कारखानदारांची संघटना, प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महापालिका. यांतल्या प्रत्येकाची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? नकाशा पसरून शाळेपासूनचे अंतर मोजता येते. भूगोल, रसायनशास्त्र आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय यात एकत्र येतात.

काही विषयांना मर्यादा घालाव्याच लागतील. बदलापूरची घटना आठवी-नववीच्या वर्गात उघडायची तर त्या मुलींची ओळख, तपशील, कुजबुज यांना पहिल्याच वाक्यात आवर घालायला हवा; लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदाही ओळख उघड करायला मनाई करतो. वर्गात स्वतः असे काही सोसलेले मूल बसलेले असू शकते, हे शिक्षकाने धरूनच चालावे. चर्चा करायची ती व्यवस्थेची : तक्रार कोणाकडे करायची, ती नोंदवायला उशीर झाला तर कोण जबाबदार, न्याय न्यायालयातच का व्हावा. या शेवटच्या प्रश्नावर मुले आणि मोठेही फार लवकर संतापतात. संताप समजून घेऊनही कायद्याची प्रक्रिया का हवी, हे सांगणारा शिक्षक त्या वर्गाला मिळायला हवा.

आणि इथेच गाडी अडते. साठ-साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका, संपवायचा अभ्यासक्रम, मतदार याद्यांची आणि निवडणुकीची कामे. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडची अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे, पण हे तीन अपवादही वर्षातले कितीतरी दिवस खातात. त्याहून मोठी अडचण भीतीची आहे. वर्गातले अर्धे वाक्य कोणीतरी घरी सांगणार, पालकांच्या ग्रुपवर ते वेगळ्याच रूपात फिरणार, दुसऱ्या दिवशी कोणा पक्षाचे कार्यकर्ते मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसणार. ही भीती काल्पनिक नाही, आणि एकट्या शिक्षकाने ती झेलावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिला उत्तर आहे ते संस्थेच्या पाठबळाचे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना लेखी कळवावे की महिन्यातून अमुक तासिका चर्चेच्या असतील, त्यांचे नियम हे असतील, शिक्षक कोणत्याही पक्षाची बाजू घेणार नाहीत आणि पालक कधीही येऊन मागच्या बाकावर बसू शकतात. जर्मन शिक्षकांच्या हाती बॉयटल्सबाखचा कागद आहे. आपल्या संस्थाचालकांनी असा एक पानी कागद करायला काहीच हरकत नाही.

‘शाळेत राजकारण नको’ असे म्हणणाऱ्या पालकांची काळजी मी गांभीर्याने घेतो. पक्षाचा प्रचार शाळेत नकोच. पण महापालिका कचरा कुठे टाकते, आसपासची २७ गावे महापालिकेत असावीत की नसावीत, लोकलचे डबे कोणासाठी राखून ठेवावेत, हे आपल्या जगण्याचे प्रश्न आहेत, आणि ते कसे सोडवायचे हे न शिकताच मुले अठरा वर्षांची होत आहेत. कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये जेमतेम ४५ टक्के आणि २०२४ मध्ये ५० टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. वर्गातल्या चर्चेने हा आकडा वाढेल असा दावा मी करणार नाही; उदासीनतेची कारणे अनेक आहेत. पण सार्वजनिक प्रश्नावर आपले म्हणणे मांडण्याचा सराव कधीच न झालेला माणूस मतदानाच्या दिवशी एकदम नागरिक होईल, ही अपेक्षाही फोल आहे.

काम कुठून सुरू करावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. नवा विषय नको, नवे पुस्तक नको, गुण तर मुळीच नकोत. गुण आले की आठवड्याभरात त्याचे गाइड निघेल. परिपाठात वाचलेल्या बातम्यांपैकी एक मुलांनी निवडावी आणि आठवड्यातून एक तासिका तिला द्यावी, आठवी-नववीपासून, वर्षभर, न चुकता. विषय आधी गावातला घ्यावा, कारण त्याचा पुरावा पायी जाऊन पाहता येतो. दिल्ली आणि वॉशिंग्टन नंतर. शिक्षकांना यासाठी तयार करायचे काम एका दिवसाच्या कार्यशाळेने होणार नाही. दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या वर्गात काय बिघडले, हे एकमेकांना सांगावे. ठाणे आणि कल्याणच्या जुन्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांच्या फायली शाळांना उघडून द्याव्यात. स्थानिक वार्ताहराने वर्गात येऊन बातमी कशी मिळते आणि कोणती बातमी छापता आली नाही, हे सांगावे.

कल्याण-डोंबिवली महापालिकेचा कारभार नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्याचा मार्च २०२२ पासून प्रशासकांकडे होता. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर ती २०३१ मध्ये असेल, आणि आज नववीत बसलेली मुले तेव्हा मतदार असतील. येत्या जूनच्या पालकसभेत फी, गणवेश आणि निकाल यांवर बोलून झाले की हात वर करून एवढे विचारा : आमच्या मुलांना या वर्षी बातमीवर बोलायला एक तासिका मिळेल का? मुख्याध्यापकांनी होकार दिला, तर वर्गात बसून ऐकण्याची तयारीही दाखवा.